उलट्या आट्यांची कडी

काकूंच्या घरात एकही खिळा नव्हता. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले त्या दिवशी कॅलेंडर अडकवायचं म्हणून खाली जाऊन खिळा आणि हातोडी मागितली, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू काही मी चपला घालून त्यांच्या देवघरात शिरले होते.

"खिळा?" त्या म्हणाल्या. "खिळा म्हणजे दांडगाई. डोक्यात हाणायचं आणि घुसवायचं. बोल्ट बघ. फिरत फिरत, विचारत विचारत आत जातो. नको झाला तर आला तसा मुकाट्यानं परत जातो. घरात माणसंसुद्धा तशीच ठेवावीत."

मी भाडेकरू होते, तेव्हा शेवटचं वाक्य माझ्यासाठीच असावं. मग त्या स्वतः वर आल्या, भिंतीत स्क्रूसारख्या आट्यांचा एक दांडा बसवला, त्यावर कॅलेंडर चढवलं, वर वॉशर घातला आणि नट आवळून निघून गेल्या. कॅलेंडर इतकं पक्कं बसलं, की महिना संपल्यावर पान उलटायला मला खाली जाऊन पान्हा मागून आणावा लागे.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी अमळनेरची. सुरतेत नवागामच्या एका मराठी शाळेत नोकरी लागली म्हणून आले. शाळेतली मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. काकूंचं घर शाळेपासून चालत जाण्यासारखं, एका सोसायटीतल्या दुमजली घरांच्या ओळीत. गल्ली अरुंद, दारं समोरासमोर. मागच्या बाजूला लूमची खटखट अखंड चालायची. ती थांबली की लोक दचकून बाहेर येत.

काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. ठेंगण्या, पदर खोचलेला, आणि कानामागे सुताराच्या कानामागे असते तशी पेन्सिल. चंदनाचा साबण आणि घासलेट यांचा मिळून एक वास त्यांच्याभोवती असे. काका इच्छापोरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. कारखान्याच्या बसनं जात, बसनं येत. गल्लीचा समज असा, की घरातली हत्यारं काकांची आणि काकू ती फक्त पुसून ठेवतात. लोक दुरुस्तीचं काम घेऊन काकांकडे येत, काका त्यांना नम्रपणे स्वयंपाकघरात पाठवत. खुद्द काकांना दाढीच्या रेझरचं डोकं फिरवून बसवता बसवता कधीकधी बायकोला हाक मारावी लागे.

सगळ्याची सुरुवात कुकरच्या दांडीपासून झाली, असं काका सांगायचे. दांडीचा स्क्रू ज्या भोकात बसतो त्याचे आटे झिजून गेले. दांडी हातात आणि कुकर शेगडीवर, असा प्रकार व्हायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, आटे गेले, आता टाकून द्या.

"आटे गेले म्हणून कुकर टाकायचा?" काकू त्याला म्हणाल्या. "मग माणसांचं काय करायचं?"

आणि तिथून त्या थेट काकांना घेऊन हत्यारांच्या दुकानात गेल्या. आटे पाडायचा सेट घ्यायला. म्हणजे भोकाच्या आतून आटे कापणारे टॅप, दांड्याच्या बाहेरून आटे कापणाऱ्या डाय, आणि ती फिरवायचे हँडल. दुकानदारानं काकांना विचारलं, "साहेब, कयुं माप आपुं?" काकांनी काकूंकडे बोट केलं. काकूंनी कमरेचा बटवा काढला आणि काउंटरवर उपडा केला. त्यात घरातला एकेक स्क्रू होता. कुकरचा, टेबलफॅनचा, शिलाई मशीनचा, सायकलचा.

दुकानदारानं एक भलीमोठी चकचकीत पेटी पुढे केली. "बेन, आ लई जाव. चालीस पीस. आखी जिंदगी जोवुं नहीं पडे."

"माझ्या घरात चार मापं आहेत," काकू म्हणाल्या. "उरलेल्याची काय आरास करू? आधी घरातले स्क्रू गोळा करावेत, मग सेट घ्यावा. सेट घेऊन स्क्रू शोधत हिंडणं म्हणजे आधी अक्षता वाटायच्या आणि मग नवरी बघायची."

मग त्यांनी पिशवीतून कानस काढली आणि दुकानदाराच्या नव्याकोऱ्या टॅपवर घासली. दुकानदार ओरडला. काकू शांतपणे म्हणाल्या, "कानस घसरली तर टॅप कडक. कानस लागली तर टॅप मऊ. मऊ टॅप नेऊन मी काय लोणी कापू?" कानस लागली. दुसरा टॅप काढला, त्यालाही लागली. तेव्हा दुकानदारानं घाम पुसत आतल्या फडताळातून एक जुनाट, काळपट, बिनचकाकीचा सेट आणला. त्यावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. काकूंनी तो घेतला, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे, लग्नातल्या शालूचीसुद्धा घडी त्यांनी इतक्या मायेनं धरली नव्हती.

त्यानंतर त्या घरात जे जे फिरू शकत होतं ते फिरायला लागलं. लाटण्याच्या मुठी. पोळपाटाचे पाय. देवाच्या तसबिरींना मागून नट. काकांच्या छत्रीची मूठ. एकदा पावसात बसची वाट बघताना जोराचा वारा आला, मूठ काकांच्या हातात राहिली आणि छत्री आपली आपण उधन्याच्या दिशेनं निघून गेली. काकूंचं म्हणणं, मुठीत काही दोष नव्हता, काका सैल होते. समई हा त्यांचा आदर्श. "पूर्वजांना कळत होतं," असं म्हणून त्या समईचे भाग सोडवून मला दाखवत. "एवढी उंच, एवढी जड, पण एक खिळा नाही. सगळी आट्यांवर उभी."

मलाही त्यांनी शिकवलं. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी मी जेवून खाली गेले, की त्या ॲल्युमिनियमचा एक तुकडा शिकंज्यात धरून माझ्या हातात टॅप देत. एकेका मापाचे तीन टॅप. पहिल्याचं टोक निमुळतं, दुसऱ्याचं थोडं कमी, तिसरा थेट तळापर्यंत आटे नेणारा. काकूंच्या भाषेत, पहिला ओळख काढतो, दुसरा बोलणी करतो, तिसरा लग्न लावतो. "तिसऱ्याला आधी पाठवलंस तर बेइज्जती होईल."

भोक आट्यांच्या मापापेक्षा लहान पाडायचं, नाहीतर कापायला काही उरतच नाही. ॲल्युमिनियमवर घासलेटचे थेंब टाकायचे, लोखंडावर तेल, पितळेवर काही नाही. टॅप काटकोनात उभा धरायचा आणि फिरवायचा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मागे फिरवलं की आतला कीस तुटतो आणि वाट मोकळी होते.

"नुसतं पुढे पुढे जातात ना, ते तुटतात," काकू म्हणत. "अर्धा पुढे, पाव मागे. माझं आणि काकांचं असंच चाललंय. ते पावावर आहेत."

काकांनी एकदा मदत करायच्या उत्साहात फक्त पुढेच फिरवलं आणि टॅप भोकातच कडकन मोडला. त्या रात्री नुसती मुगाची खिचडी झाली, वर तूपसुद्धा नाही. त्या घरात हे सुतक होतं.

माझ्यासाठी अमळनेरहून स्थळं यायची. मी फोटो दाखवला की काकू चष्मा लावून बघत आणि विचारत, "पिच काय आहे?" पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. त्यांचा सिद्धांत असा, की इंची बोल्ट आणि मिलिमीटरचा नट जाडीला सारखे दिसतात, पहिले दोन फेरे अगदी गोडीनं जातात आणि मग असे अडकतात की पुढे नाही, मागे नाही. "जाडी सगळे बघतात. शिक्षण, नोकरी, उंची. पिच कुणी बघत नाही." मी घरी आईला पत्रात हे लिहिलं. आईनं उलट टपाली विचारलं, की मालकीणबाईंना काही औषधं वगैरे चालू आहेत का.

तर हे सगळं चार भिंतींच्या आत होतं तोवर ठीक चाललं होतं. पण एक दिवस काकूंना वाटलं, की गल्लीतल्या बायका झिजलेल्या स्क्रूंचे कुकर तसेच वापरतात, एखाद दिवशी कुणीतरी भाजेल. दुरुस्तीवाल्याकडे बायका जायला लाजतात. तेव्हा आपण दारावर पाटी लावावी. त्यांनी पत्र्याची पाटी रंगवली: "येथे आटे पाडून मिळतील." पाटीला चार कोपऱ्यांत चार बोल्ट.

पहिल्या दिवशी मागच्या गल्लीतले एक भय्याजी गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन हजर झाले. "बहनजी, आटा कब तक मिलेगा? बारीक पीसना."

काकूंनी त्यांना समजावलं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन डबे आले. चौथ्या डब्याला काकू म्हणाल्या, आता असा शब्द लिहिते, की कुणाचा गैरसमज व्हायला नको. मराठी नको, हिंदी नको, गुजराती नको. सरळ इंग्रजी शब्द. आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर झळकलं:

"येथे थ्रेडिंग करून मिळेल. स्त्रियांनी संकोच करू नये. तेल आमचे."

मी शाळेत जाताना ती वाचली. मला काहीतरी खटकलं, पण घंटेची वेळ झाली होती.

आता सांगायला हवं, की काकूंच्या दारासमोरच एक ब्यूटी पार्लर होतं. पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा, आणि ते चालवणारी बेन. बेन कतारगामची, लग्न होऊन इकडे आलेली, तिशीतली, हातात दोरा धरला की बघत राहावं अशी. दोरा दातात धरून ती भुवया कोरायची, म्हणजे तेही थ्रेडिंगच. आजूबाजूला सगळे मराठी असल्यानं ती मराठी बोलायची, पण राग आला की गुजरातीत जायची.

त्या दिवशी शाळेतून परत आले तेव्हा स्वयंपाकघरात एक नवीन लग्न झालेली मुलगी पाटावर बसली होती आणि काकू तिच्याशी आपुलकीनं बोलत होत्या.

"किती जाड आहे?" काकू.

"थोडी जास्तच जाड आहे, मावशी. पातळ करायचीय."

"होईल. आधी थोडं घासून घ्यावं लागेल. दोन्ही बाजूंनी करू?"

"हो, दोन्ही. आणि वरच्या ओठाचं पण."

काकूंना वाटलं, ओठ म्हणजे कुकरच्या भांड्याचा काठ. "काठालासुद्धा होईल," त्या म्हणाल्या. "कुठंय? आणलंय ना बरोबर?"

मुलगी हसली. "दुखेल का हो?"

"सरळ धरलं तर मुळीच नाही. मी तेल घालते भरपूर." आणि काकूंनी फडताळातून मोठं टॅपचं हँडल काढलं, त्यात टॅप आवळला आणि त्यावर तेलाची बुधली उपडी केली.

मुलीनं ते पाहिलं. ती किंचाळली नाही, हे मला आजही विशेष वाटतं. ती फक्त उठली आणि चपला न घालता गेली.

पुढे काय झालं ते सोसायटीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. बातमी अशी, की आपल्या गल्लीत भुवया लोखंडानं करतात. कुणाच्या दारात, हे तिसऱ्या तोंडापर्यंत पोचता पोचता गळून गेलं. आणि दिवस लग्नसराईचे.

रविवारी सकाळी बेनच्या पार्लरमध्ये एक नवरी आली. हातभर ओली मेंदी, बरोबर आई. दुपारी मांडवात बसायचं होतं. बेननं डावी भुवई सुंदर कोरली, आणि दोरा बदलायला थांबली तेवढ्यात नवरीची आई सहज म्हणाली, "बेन, तमे पण लोखंडथी करो छो? अमे सांभळ्युं."

बेननं दोरा खाली ठेवला. "एक मिनिट बेसजो," ती म्हणाली, आणि गल्ली ओलांडून आमच्या दारात आली.

मी तेव्हा जिन्यात बसून वह्या तपासत होते. बेननं आधी पाटीलाच हात घातला. ती उपटून काढायचा तिचा विचार होता, पण पाटीला काकूंचे बोल्ट होते. तिनं ओढलं, हिसकलं, लोंबकळली. पाटी हलली नाही, मात्र बोल्टांचं काळं तेल तिच्या दोन्ही हातांना लागलं.

"माझा धंदा बसवला तुम्ही!" ती ओरडली. "लोक मला विचारतात लोखंड लावता का! तमने शरम नथी आवती?"

काकू हातात तेलाची बुधली घेऊनच बाहेर आल्या. "मी तुमचा धंदा कशाला बसवू? माझं थ्रेडिंग निराळं आहे."

"थ्रेडिंग माझं आहे!"

"तुमचं दोऱ्याचं. माझं आट्यांचं. शब्द काय तुमच्या एकटीच्या मालकीचा आहे?" असं म्हणत काकूंनी हात उडवला, आणि बुधलीतलं तेल बेनच्या फिकट गुलाबी साडीवर, पोटापासून पायापर्यंत ओघळलं.

बेननं आधी साडीकडे पाहिलं, नंतर आपल्या काळ्या हातांकडे. मग बेन रडवेल्या आवाजात म्हणाली, "मारे कन्याने हाथ लगाडवानो छे. आता या हातांनी मी नवरीला कशी शिवू?"

काकू ओशाळल्या. "या, आत या. साबण देते. डाग ताजा आहे, निघेल." त्यांनी तिला बाथरूम दाखवलं. साडी सोडून धुवायची म्हणून बेननं आतून कडी लावली.

ही कडी काकूंची खास होती. साधीच आडवी सरकवायची लोखंडी कडी, पण तिची मूठ म्हणजे जुन्या पलंगाचा पितळी गोळा, आणि तो आट्यांवर बसवलेला. ते आटे उलटे होते. नेहमीचा बोल्ट उजवीकडे फिरवला की आवळतो, हा डावीकडे फिरवला की आवळायचा. काकूंनी खूप विचार करून तसं केलं होतं. कडी सरकवताना आपला उजवा हात मूठ नकळत किंचित डावीकडे पिळतो. सरळ आटे असतील, तर रोज थोडी थोडी करत महिन्याभरात मूठ हातात येते. उलटे असतील, तर ती रोज थोडी आणखी आवळते. उलट्या आट्यांचा टॅप आणि डाय मिळवण्यासाठी त्यांनी निम्मं सुरत पालथं घातलं होतं. "ही मूठ जन्मात निघायची नाही," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

आतून पाण्याचा आवाज आला, मग थांबला. मग बराच वेळ कडी पिळून पिळून ओढल्याचा खडखडाट, आणि मग बेनचा आवाज, एकदम बारीक.

"मासी... आ तो हाथमां आवी गयुं."

"काय हातात आलं?"

"गोळा."

काकू दाराकडे बघत राहिल्या. "शक्यच नाही," त्या म्हणाल्या.

पण गोळा बेनच्या हातात होता आणि कडी लागलेली होती. नुसता दांडा बोटांनी सरकवावा, तर काकूंनी त्याला इतकं तेल घातलेलं, की बोटं माशावरून निसटावीत तशी निसटत होती. काका पेपर टाकून आले आणि म्हणाले, "दार तोडू या का?" काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका पावावर आले. मग त्यांनी बाथरूमच्या वरच्या झडपेतून पक्कड आत सोडायचं ठरवलं. स्टुलावर चढून सोडलीही. डुबुक असा आवाज आला. पक्कड पाण्याच्या पिंपात गेली होती, आणि ते पिंप बेनच्या खांद्याएवढं उंच होतं.

"गोळा परत बसवा!" काकू दारातून ओरडल्या. "उलटा फिरवा!"

"फेरव्यो! नथी बेसतो!"

"अहो, उलटा!"

"उलटाच फिरवला! उलटाचा उलटा फिरवू का?"

"घड्याळ चालतं त्याच्या विरुद्ध," काका समजुतीनं म्हणाले, आणि मग त्यांनाच शंका आली. "पण दाराच्या त्या बाजूनं बघितलं तर घड्याळ उलटंच दिसणार ना? म्हणजे आपलं विरुद्ध ते तिचं सरळ?"

एव्हाना दारात गर्दी जमली होती. प्रत्येक जण हवेत हात फिरवून दाखवत होता, निम्मे उजवीकडे, निम्मे डावीकडे, आणि बेनला यांतलं एकही दिसत नव्हतं. "मारी कन्या बेठी छे!" ती आतून रडत होती. "एक ज आइब्रो थई छे!"

तेवढ्यात ती कन्याच आली. मेंदीचे हात पुढे धरून, एक भुवई चंद्रकोर आणि दुसरी जंगल, मागून आई. आईनं कपाळावर हात मारला. "वरघोडो नीकळी गयो हशे," ती म्हणाली. म्हणजे नवरदेवाची वरात निघालीसुद्धा असेल. गर्दीतून कुणीतरी सुचवलं, नवरीच्या कपाळावर मोठा गजरा बांधा आणि एका बाजूला झुकवा. नवरी हुंदके द्यायला लागली. आईनं तिच्या गालांवरचं पाणी पदरानं टिपलं, मेंदीचे हात तिला डोळ्यांना लावता येत नव्हते.

काकू मात्र या कुणाकडे बघत नव्हत्या. त्या दारासमोर उभ्या राहून उजव्या हातानं हवेत एक कडी सरकवत होत्या. पुन्हा पुन्हा. मग थांबल्या. मग त्यांनी तीच कडी डाव्या हातानं सरकवली. आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी तो कधी विसरणार नाही.

त्या दाराला तोंड लावून म्हणाल्या, "बेन, तुम्ही डावऱ्या आहात का?"

आतला हुंदका मध्येच थांबला.

"हा," बेन म्हणाली. "हुं डाबोडी छुं. तो शुं थई गयुं?"

काकू आमच्याकडे वळल्या. "डावा हात उलटा पिळतो," त्या हळूच म्हणाल्या. "मी सगळ्याचा विचार केला. गंजाचा केला, उन्हाळ्याचा केला. डावऱ्या माणसाचा केलाच नाही."

मग त्यांनी गर्दीला हात करून गप्प बसवलं. आवाज एकदम मऊ केला. शनिवारी दुपारी मला शिकवताना असायचा तो.

"बेन, रडू नका. घड्याळ विसरा, उलटं विसरा. घरी लोणच्याची बरणी आहे ना, फिरकीच्या झाकणाची? गोळा दांड्याच्या तोंडावर सरळ टेकवा. दाबायचं नाही. आता बरणी बंद करताना फिरवता तसा हळूहळू फिरवा. बसणार नाही, बसू नका देऊ. नुसतं ऐका. एका जागी टक् असं होईल. दोन्हींची तोंडं जुळली की होतं तसं."

सगळी गल्ली कान देऊन उभी राहिली. नवरीनं हुंदका गिळला. मागच्या लूम सोडल्या तर कशाचाही आवाज नव्हता.

टक्.

"थयुं!" बेन आतून म्हणाली.

"आता बरणी उघडल्यासारखा फिरवा. उघडल्यासारखा फिरवायचा, म्हणजे तो बंद होईल."

"मासी, तमे गांडा छो?"

"असेन वेडी. फिरवा."

बारीक किरकिर ऐकू आली. एक फेरा, दुसरा, तिसरा. आणि मग कडी सरकल्याचा असा काही मोठा आवाज आला, की काका टाळ्या वाजवायला लागले. बेन बाहेर आली ती ओली साडी कशीबशी गुंडाळून, केस विस्कटलेले, पण हात स्वच्छ. कुणाकडे न बघता तिनं नवरीचं कोपर धरलं, तिला फरफटत गल्लीपलीकडे नेलं आणि खुर्चीत बसवलं.

पण तिचा हात बसेना. दोरा धरला, सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. आम्ही सगळे पार्लरच्या खिडकीला लागलो होतो. काकू गर्दीतून वाट काढत आत गेल्या, नवरीच्या मागे उभ्या राहिल्या आणि आपल्या दोन बोटांनी तिच्या कपाळाची कातडी ताणून धरली. शिकंजाही इतकं पक्कं धरत नसेल. "मी हलत नाही," त्या बेनला म्हणाल्या. "तुम्ही सावकाश करा."

बेननं एक मोठा श्वास घेतला, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि उजवी भुवई डाव्या हातानं अशी कोरली, की काकू वाकून वाकून बघत राहिल्या. नवरी गेली. मांडवात वेळेवर पोचली, असं नंतर कळलं. तिच्या कपाळावर काकूंच्या तेलकट बोटांचे दोन ठसे होते, पण लग्नात सगळ्यांना ती हळद वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेन पानात बांधलेला गरम लोचो, म्हणजे सुरतेचा तो वाफवलेला डाळीचा खाऊ, घेऊन आली. काकूंनी चहा टाकला. दोघींनी लोचो संपवला. मग काकूंनी विचारलं, "लहानपणापासून डाव्याच हातानं?"

"शाळेत मास्तर त्या हातावर मारायचे," बेन म्हणाली. "घरी बा हात पाठीमागे बांधायची. लिहिणं, जेवणं, वाढणं, सगळं जमणे हाथे, उजव्या हातानं शिकवलं. दोरा कुणी शिकवला नाही, तो माझा मी शिकले. म्हणून तेवढा डाव्या हातात राहिला. आणि घाबरले की पण डावाच हात पुढे येतो."

काकू उठल्या. कप विसळले. पाटीवर मात्र त्या आठवड्यात एक ओळ वाढली: "लोखंडाचे येथे. माणसांचे समोर." ती बेननं सांगितली आणि काकूंनी लिहिली, की उलट, यावर दोघींचं कधी एकमत झालं नाही.

आणि पुढच्या रविवारी सकाळी खालून ड्रिलचा आवाज आला. मी गेले तर काकू बाथरूमच्या दारापाशी मांडी घालून बसल्या होत्या. आधीच्या कडीखाली वीतभर अंतरावर त्यांनी दुसरी कडी बसवली होती. तशीच लोखंडी, तसाच पितळी गोळा. फक्त आटे सरळ. मग समोरून बेनला हाक मारली आणि आत जाऊन कडी लावून बघा म्हणाल्या.

"पाछी अंदर?" बेन दोन पावलं मागे सरकली. "ना रे बाबा!"

पण काकूंचा चेहरा बघून गेली. कडी सरकली, उघडली, पुन्हा सरकली. डाव्या हातानं कितीही पिळली तरी मूठ सैल होईना, उलट आवळत गेली. बेन दार उघडून बाहेर आली तेव्हा हसत होती, आणि डोळे पुसत होती, डाव्याच हातानं.

पाहुण्यांचे मात्र त्यानंतर हाल व्हायला लागले. एका दाराला दोन कड्या दिसल्या की माणूस भीतीनं दोन्ही लावतो आणि आत अडकून बसतो. काकांच्या साहेबांना तर इच्छापोरची बस चुकली. काकांनी सुचवून पाहिलं, की एक काढून टाकावी. काकूंनी ऐकूनच घेतलं नाही.

त्या वर्षी दिवाळीआधी माझे वडील मला न्यायला आले. प्रवासातून आल्यावर हातपाय धुवायला गेले आणि बराच वेळ आतून खडखड करून, घामाघूम होऊन बाहेर आले.

"एक दारले दोन कड्या कसाले वं बाई?" त्यांनी विचारलं.

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वरची आमची," त्या म्हणाल्या. "खालची शेजारणीची."